प नसलेला सप्टेंबर

दुधाच्या पिशवीवर निळ्या, जराशा फिसकटलेल्या शाईत छापलं होतं: ०३ सेत. म्हणजे सप्टेंबरच्या तीन तारखेपर्यंत दूध चांगलं राहील. ही पिशवी मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून घेते, रोज ती उलटी करून तारीख बघते, आणि तिच्यावरचं गार पाणी मनगटावरून बाहीत शिरतं म्हणून रोज चरफडते. आज पाणी कोपरापर्यंत गेलं तरी मला कळलं नाही. सेत. एस, ई, टी. मी ती अक्षरं पुन्हा वाचली. "काय झालं बाई, नासकं आहे का?" गल्ल्यावरच्या नोएमीने विचारलं. "नाही," मी म्हणाले, "सप्टेंबर आहे." "अहो, ऑगस्ट तरी संपू द्या. दर ऑगस्टअखेरीचं ते सांता रोसाचं वादळसुद्धा यायचंय अजून." माझ्या मागे काखेत थर्मास धरून एक आजोबा उभे होते. ते म्हणाले की वादळ यंदा येत नाही, हवामान खातं काहीही बोलतं. त्यावर नोएमी म्हणाली, मग तुमचा गुडघा काय म्हणतो ते सांगा. मी हसले असणार, कारण दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पैसे ठेवले, बिस्कोचो पावांचा पुडा तिथेच विसरले आणि दुधाची पिशवी छातीशी धरून रस्त्यावर आले. माँटेव्हिडिओची सकाळ नेहमीसारखीच राखाडी आणि खारट होती. मला मात्र पळावंसं वाटत होतं.

शंभर वर्षांत एकही सप्टेंबर नाही. हे वाक्य मी जवळजवळ महिनाभर बरोबर घेऊन हिंडत होते. आमच्या केंद्रात संगणकाच्या मॉडेलने काढलेलं हवामान साठवतात, आणि ते नीट लावून ठेवणं हे माझं काम. लोकांना वाटतं की मी पावसाचा अंदाज सांगते. मी सांगत नाही. मी महिने सांभाळते: घडून गेलेले महिने, आणि जे अजून यायचे आहेत, बहुधा मी नसताना येतील, तेही. फडताळात चादरी घड्या घालून ठेवाव्यात तशा फाइली वर्षावर वर्षं रचायच्या. ते गणित करणारं आमचं जुनं यंत्र आज दुपारी चारला कायमचं बंद व्हायचं होतं. त्यातलं सगळं नदीपलीकडे, ब्यूनोस आयर्सच्या नव्या साठवणीत जायचं, आणि तिथला नियम असा की अपूर्ण गणित घेणार नाहीत. तपासणीचा प्रोग्रॅम तिथल्याच फाकुंदोने लिहिलेला. त्याने आमच्या सगळ्या फाइली चाळल्या आणि तेरेसा इरिओन्दोंच्या गणितापुढे एकेका वर्षाला एकच ओळ छापली. एकोणीसशे एकसष्ट, सप्टेंबर नाही. बासष्ट, सप्टेंबर नाही. असं पार दोन हजार साठपर्यंत. तेरेसा म्हणजे आमच्या प्रोफे, प्राध्यापिका. आता ऐंशीला टेकल्या आहेत. या देशात हवामानाचं गणित त्यांनी आणलं, आणि आमच्या नदीच्या खोऱ्याची ही शंभर वर्षं हे त्यांचं शेवटचं मोठं काम. मागे एकदा एक डिस्क जळाली होती, तिच्यात सप्टेंबर गेले असतील असं आम्ही सगळे धरून चाललो. मी प्रोफेंना सांगितलं तेव्हा त्या फोनवर नेहमीसारख्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "अपूर्ण शंभर वर्षं म्हणजे काय गं पोरी? मधला दात तुटलेला कंगवा? टाकून दे." खोऱ्यात नद्या चढायला लागतात त्या सप्टेंबरात. तोच नाही म्हणजे उरलेल्या अकरा महिन्यांना अर्थ नाही, हे मला आणि त्यांना दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी फोन मात्र ठेवला नाही. मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या किटलीचा आवाज येत होता.

ब्यूनोस आयर्सला सप्टेंबरचं नाव 'सेप्तिएम्ब्रे'. आमच्याकडे 'सेतिएम्ब्रे'. नदी ओलांडली की मधला प गळून पडतो. फाकुंदोचा प्रोग्रॅम 'सेप' शोधत होता, आणि प्रोफेंच्या फाइलींवर 'सेत' लिहिलेलं होतं. इतकंच. त्या कुठे हरवल्याच नव्हत्या. शंभर सप्टेंबर शंभर वर्षांत आपापल्या जागी बसून होते, हाक मारली जात होती ती मात्र दुसऱ्याच नावाने. फुटपाथवर उभी राहून मी मोठ्याने "सेत" म्हणाले, आणि एका कुत्र्याने वळून पाहिलं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि दुधाची पिशवी हातातून सुटायची राहिली. ज्या फाइलींचं नाव प्रोग्रॅमला कळत नाही त्या तो 'इतर' नावाच्या कप्प्यात टाकतो. आणि 'इतर' कप्पा आज सकाळी पुसायचा होता. वॉशिंग्टन आठला सुरू करतो म्हणाला होता.

वॉशिंग्टन बेन्तांकोर आमचं यंत्र सांभाळतो. मी टॅक्सीत बसल्या बसल्या त्याला फोन लावला, पुन्हा लावला. यंत्राच्या खोलीत पंख्यांचा एवढा गोंगाट असतो की तिथे फोन ऐकू येत नाही, हे माहीत असूनही लावत राहिले. आमच्या टॅक्सीत चालक आणि मागची बैठक यांच्यामध्ये जाड काच असते. गुडघे तिला टेकलेले, आणि मी त्या काचेत स्वतःला पाहत होते. पन्नाशी उलटलेली, केस विस्कटलेले, मांडीवर दूध. या बाईला इतका आनंद कशाचा झाला आहे? आनंदच होता तो, भीती त्याच्या आत होती, फळातल्या बीसारखी. मला लपवता येत नव्हता. चालक काचेच्या भोकातून म्हणाला, "दवाखाना की लग्न?" "पुसापुशी," मी म्हणाले, "कृपा करा, समुद्राकडच्या रस्त्याने घ्या, तिकडे सिग्नल कमी आहेत." "मग लग्नच असणार," तो म्हणाला आणि त्याने खरोखर वेग वाढवला. डावीकडे पाणी, तपकिरी, नदी की समुद्र हे त्याचं त्यालाही न ठरवता आलेलं. पाइसान्दूला, जिथे मी वाढले, तिथे नदी म्हणजे नदीच होती, आणि सप्टेंबरात ती शाळेच्या पायऱ्यांपर्यंत यायची. शाळेत माझी आई शिकवायची. फळ्यावर रोज तारीख लिहायची, 'सेतिएम्ब्रे', सरळ, उभट अक्षरात. एकदा राजधानीतून तपासनीस आले, हातात खडू घेऊन त्यांनी आईच्या अक्षरात मध्ये प घुसडला. शब्द फुगला, म पुढच्या रेघेवर चढला. ते गेल्यावर आई वर्गाकडे वळली आणि म्हणाली, "मुलांनो, इथे कुणाला हा प ऐकू येतो का?" आम्ही सगळे शांत राहून ऐकायला लागलो. खरंच कान देऊन. बाहेर पाण्याचा आवाज होता. "नाही येत," पुढच्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला. "मग पुसा," आई म्हणाली. खडूची ती पूड, ओल्या फडक्याचा वास, आणि एका अक्षराच्या जाण्याने शब्दाला आलेला मोकळेपणा. महिनाभर मी पडद्यावर 'सेप' वाचत होते आणि मला काहीच खुपलं नाही. पडद्यावर परक्या अक्षरांची इतकी सवय होते की आपली अक्षरं तिथे दिसतील अशी डोळ्यांची अपेक्षाच राहत नाही.

वॉशिंग्टन यंत्रासमोर उंच स्टुलावर बसून माते, आमचा तो कडू हिरवा चहा, ओढत होता, धातूची नळी दातांत. मी दारातूनच ओरडले, "थांबव! 'इतर' थांबव!" त्याने प्रश्न विचारला नाही, आधी थांबवलं. ही त्याची गोष्ट मला फार आवडते. मग म्हणाला, "आता सांग. आणि ते दूध कशाला आणलंयस, मातेत दूध घालतात का कुणी?"

"किती गेलं?"

"सुरुवातीचं. एकसष्ट ते बहात्तर. अगं, पण त्या सेटिंगच्या फाइली होत्या. नाव बघ ना, सेट एकसष्ट, सेट बासष्ट. मला वाटलं कुणा बावळटाने यंत्राच्या सेटिंगची दरवर्षी एकेक प्रत करून ठेवलीय."

"सेट नाही रे. सेत. सेतिएम्ब्रे."

तो पडद्याकडे बघत राहिला. तोंड उघडं, नळी खाली आली. तीच तीन अक्षरं होती, एस, ई, टी, आणि मला दिसत होतं की त्याच्या डोळ्यांसमोर ती एका भाषेतून उठून दुसऱ्या भाषेत जाऊन बसताहेत. "मी इथे जन्मलो," तो सावकाश म्हणाला. "माझा वाढदिवस सप्टेंबरात असतो. दिवसभर या डबड्याशी इंग्रजीत बोलून माझं हे झालंय. एक दिवस बायकोशी इंग्रजीत भांडेन आणि तिला कळणारही नाही की मी हरलो." हे म्हणताना तो हसला नाही. "झुल्मा, ते परत येत नाही. यंत्र देऊन टाकायचं म्हणून नुसतं नाव खोडलं नाही, आतल्या आकड्यांवर शून्यं लिहिली."

म्हणजे अठ्ठ्याऐंशी सप्टेंबर जिवंत होते आणि बारा गेले होते, आणि नव्या साठवणीच्या नियमात बारा आणि शंभर यांत फरक नव्हता. मी खाली बसले. गार फरशी, पंख्यांचा वारा, अंगात अजून टॅक्सीचा वेग. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. डोकं आधीच पुढे धावत होतं. मॉडेल दर महिन्याच्या अखेरीला एक थांबा लिहून ठेवतं: त्या क्षणी खोऱ्यावरच्या हवेच्या प्रत्येक तुकड्यात किती वारा, किती ओल, किती ऊब. पुढचा महिना तिथून उचलायचा. प्रोफेंचा नियम होता, यंत्राने वाचायचं त्याला आकडा, माणसाने वाचायचं त्याला नाव. म्हणून थांब्यांच्या फाइलींवर नुसते आकडे होते आणि तपासणीत त्यांना कुणी हात लावला नव्हता. डिस्कबरोबर थांबेही जळाले असं धरून ते कुणी शोधलेच नव्हते; आता उठून पाहिलं तर ऑगस्टअखेरचे थांबे होते. सप्टेंबरअखेरचेही होते. मधला महिना गेला होता, त्याची दोन्ही टोकं शाबूत होती. "वॉशिंग्टन," मी म्हणाले, "पुन्हा चालवूया. बाराही सप्टेंबर. याच यंत्रावर, आजच."

"नव्या यंत्रावर चालवू उद्या, आरामात."

"नव्या यंत्राची गोळाबेरीज शेवटच्या आकड्यात वेगळी येते. शेवटच्या आकड्यातला फरक महिनाभरात वादळाएवढा होतो. तिथे निघालेला सप्टेंबर खरा असेल, पण या ऑक्टोबरचा नसेल. दुसऱ्याच घरातलं पोर आणून बसवल्यासारखं."

तो उठला. मी ब्यूनोस आयर्सला फोन लावला. फाकुंदो माझ्या मुलाच्या वयाचा, आवाजात कायम झोप. सगळं ऐकून तो म्हणाला, "प शिवाय? खरंच? तुम्हा लोकांना एवढं एक अक्षरसुद्धा वाचवायचं असतं?" "अख्खा देश मिळून पस्तीस लाख आहोत रे आम्ही," मी म्हणाले, "अक्षरं जपूनच वापरतो. तू प्रोग्रॅममध्ये 'सेत' घाल." "घालतो. पण झुल्मा, साठवणीचं दार चारला बंद होतं, आणि ते मी बंद करत नाही, ते आपोआप होतं."

आम्ही बाराही सप्टेंबर एकदम सोडले. यंत्राचे बारा भाग केले, प्रत्येकाला एक वर्ष. मला ते फार सुंदर वाटलं, अजूनही वाटतं. एकसष्टचा पाऊस आणि सत्तरचा पाऊस एकाच वेळी, शेजारी शेजारी पडतोय. मी पाच वर्षांची असतानाचा सप्टेंबर, आणि माझ्या जन्माच्या आधीचा, दोघेही आत्ता, या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात. अर्थात तो मॉडेलचा सप्टेंबर, माझा नव्हे. त्यात पाइसान्दू म्हणजे एक चौकोन, आणि शाळेच्या पायऱ्या त्यात मावत नाहीत. तरी पडद्यावर त्या चौकोनात आकडा चढायला लागला की मला ओल्या फडक्याचा वास येत होता. प्रोफेंबरोबर पहिलं गणित केलं तेव्हा आमचं यंत्र इतकं मंद होतं की एका दिवसाचं हवामान काढायला एक दिवस लागे. प्रोफे म्हणायच्या, "पोरींनो, आपण देवाच्या वेगाने चाललोय, तक्रार कसली करता." आता अख्ख्या यंत्रावर महिना पंधरा मिनिटांत व्हायचा, बाराव्या भागावर मात्र तीन तास. पहिला सप्टेंबर संपला तेव्हा साडेबारा वाजले होते. त्याचा शेवट आणि जपून ठेवलेला थांबा, दोन्ही आम्ही एकमेकांवर ठेवून वजाबाकी केली. शून्य यायला हवं होतं. शून्य आलं नाही. इवलासा, दशांशानंतर बरीच शून्यं ओलांडून उगवलेला एक आकडा आला. पण ईशान्येकडच्या डोंगरांवर तो वाढत जाऊन स्पष्ट दिसू लागला होता. तिथे एक पाऊस दुसऱ्याच दिवशी पडला होता. दुसरा सप्टेंबर: तेच. तिसरा: तेच.

मी प्रोफेंना फोन केला. आधी करायला हवा होता, पण मला त्यांना पूर्ण झालेलं सांगायचं होतं, अर्धवट नव्हे. मी घाईघाईने सांगत गेले, दुधाच्या पिशवीपासून. त्या मध्ये एकदाच बोलल्या: "बावळट फाइली नाही गं, बावळट मी. आकडेच द्यायला हवे होते." "नाही प्रोफे." "बरं, पुढे बोल." मी फरकाचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कितीजणांत वाटलंस?"

"म्हणजे?"

"यंत्राचे तुकडे केलेस ना? मी ते अख्ख्या यंत्रावर चालवलं होतं, एकेक महिना. पोरी, बेरीज कुठल्या क्रमाने केली त्यावर शेवटचा आकडा ठरतो. कागदावर नाही ठरत, यंत्रात ठरतो. तू बारा मुलांना बारा कोपऱ्यांत बसवलंस. त्यांना एकेक करून बोलव."

मी वॉशिंग्टनला काही सांगितलं नाही, त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच सगळं थांबवलं होतं. अख्खं यंत्र, एक वर्ष. एकसष्टचा ऑगस्टअखेरचा थांबा. सुरू. पंख्यांचा आवाज वर चढला, जमीन थोडी थरथरली, आणि आम्ही दोघं उभे राहिलो, बसायचं सुचलं नाही. संपला. वजाबाकी. शून्य. पुन्हा पाहिलं. डोंगरांवर शून्य, पाण्यावर शून्य, पाइसान्दूच्या चौकोनात शून्य. वॉशिंग्टनने मला मिठी मारली आणि माझ्या पाठीवर गरम माते सांडली. "बासष्ट," मी म्हणाले, "बासष्ट लाव." आता प्रश्न एवढाच होता की वेळ पुरेल का. एकामागून एक, अख्खं यंत्र, प्रत्येकाला त्याचा पूर्ण वेळ. मी फाइली जिवंत सप्टेंबरांच्या रांगेत नेऊन ठेवत होते, पासष्ट, सहासष्ट. बाहेर कुठेतरी दुपार झाली असावी. दूध मी खिडकीत ठेवलं होतं.

अडीचला की पावणेतीनला, मला आठवत नाही, यंत्र न्यायला माणसं आली. चौघं, निळ्या कपड्यांत, ढकलगाडी घेऊन. चार वाजायचे होते, पण त्यांना लवकर उरकायचं होतं. त्यांचा मुकादम म्हणाला, "बाई, आम्ही वायर काढतो, तुम्ही तुमचं चालू द्या." वॉशिंग्टन पुढे झाला. मला वाटलं आता तो विनवणी करील. त्याने त्यातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाच्या मानेवरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गोंदणाकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, "पेन्यारोल? अरेरे. घरच्यांना माहीत आहे का?" झालं. चौघांतले दोघे पेन्यारोल या फुटबॉल क्लबचे, दोघे त्यांच्या हाडवैरी नासिओनालचे निघाले. रविवारी सामना झाला होता, पेनल्टी होती की नव्हती हा वाद या शहरात अजून कुणी संपवलेला नव्हता. "हात लागला होता!" "कुणाचा, तुझ्या मावशीचा?" "व्हिडिओ बघ!" "व्हिडिओ तुमच्याच पंचांनी काढला!" वॉशिंग्टन मधे उभा राहून कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला आगीत लाकूड घालत होता, आणि त्यांच्या आरडाओरड्यात मी अडुसष्ट लावलं. शून्य. एकोणसत्तर. शून्य. ढकलगाडीवर बसून मुकादम ऐकत होता आणि मान हलवत होता. सत्तर. मला हसू येत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मान्सानिल्लाच्या फुलांच्या चहात जशी कडवट आणि गोड चव वेगळी करता येत नाही तसं ते दोन्ही होतं. बहात्तर लावलं तेव्हा चाराला वीसेक मिनिटं होती. फाकुंदोचा निरोप आला: दार अजून उघडं आहे, नव्वद पोचले, बाकीचे पाठव. मी पाठवत गेले. बहात्तरचा सप्टेंबर चालू होता, पंधरा तारीख, वीस तारीख, नद्या चढताहेत, आणि खोलीत एकाएकी शांतता पसरली, कारण भांडणारे चौघं माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "काय बघताय एवढं?" धिप्पाड माणसाने विचारलं. "महिना संपतोय," वॉशिंग्टन म्हणाला. तीस तारीख. वजाबाकी. माझी बोटं कळफलकावर नुसती टेकलेली.

शून्य.

शेवटची फाइल गेली. नदीपलीकडून फाकुंदोची एकच ओळ आली: तेरेसा इरिओन्दो, पूर्ण. माणसांनी वायर काढल्या. इतकी वर्षं ज्याच्यामुळे मोठ्याने बोलायची सवय लागली होती तो पंख्यांचा आवाज थांबला, आणि मी कुजबुजत प्रोफेंना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"सगळे गेले, प्रोफे. शंभरच्या शंभर."

त्यांनी विचारलं, "आणि ऑक्टोबरला काही कळलं?"

"नाही," मी म्हणाले. "ऑक्टोबरला काहीच कळलं नाही."

"छान," त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचा श्वास ऐकू आला, लांब, सावकाश, पाणी उतरताना पायऱ्या एकेक उघड्या पडाव्यात तसा.